बबनची छाती माझ्या नावावर

पलटणीतून पेन्शनीवर घरी येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत घरी खुशालीची पत्रं लिहिली तेवढीच.

मला क्षय झाला होता. आता बरा आहे. डावं फुप्फुस निम्मंच चालतं, भोरच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरून आमच्या वस्तीपर्यंतचा चढ मी तीन ठिकाणी बसून चढतो, पण चढतो. रोगाबद्दल डॉक्टर लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी फक्त माझी चूक सांगणार आहे, कारण तीच चूक करायच्या बेतात असलेला एखादा तरी दरवर्षी भेटतो. सुट्टीवर आलेला असतो, तोंडावर रुमाल धरून खोकत असतो, आणि विचारलं की म्हणतो, "काय न्हाई काका, पानी बदाललं." मी पण हेच म्हणायचो. फक्त मी जास्त झोकात म्हणायचो.

*

चीनच्या लढाईनंतर आमची पलटण दोन हिवाळे बर्फात होती. खोकला तिथला. एकदा ताप चढला तेव्हा तिथल्या डॉक्टरनं आठवडाभर झोपवून ठेवलं. मग मी उठलो आणि कामाला लागलो. खोकला काही गेला नाही. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली, दिवस मावळतीला अंग कढत व्हायचं. मला कळत नव्हतं असं नाही. माझा चुलता ह्याच रोगानं गेला. त्याच्या खोकल्याचा आवाज मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेला होता आणि आता तोच आवाज माझ्या छातीतून येत होता.

पंधरा वर्षं भरली. घरी जायच्या आधी डॉक्टरी तपासणी होते, छातीचा फोटो काढतात. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, अनसूयाचं, लग्न धरलेलं. मुलगा शाळामास्तर. लग्न नव्या बौद्ध पद्धतीनं, पांढऱ्या लुगड्यात, आमच्या वस्तीवरचं तसलं दुसरंच. मुलाकडच्यांनी देण्याघेण्याचा एक शब्दही तोंडातून काढला नव्हता. असं स्थळ पुन्हा कुठलं? आणि क्षयवाल्याची बहीण म्हटल्यावर मास्तर काय, मास्तरचा शिपाईसुद्धा उभा राहिला नसता. माझ्या डोक्यात एकच: फोटोत डाग दिसला तर हे मला इस्पितळात अडकवतील, गावाकडं तार जाईल, आणि लग्न मोडेल.

बबन माझ्याच तुकडीत होता. तो शिवऱ्याचा, म्हणजे हमरस्त्यावरचा. आमच्या वस्तीपासून चार-पाच मैल. परमुलखात चार मैल म्हणजे सख्खा भाऊच. छाती कवाडासारखी, स्वभाव पोराचा. मी त्याला सगळं सांगितलं तर तो हसायला लागला.

"येवडंच व्हय? तुजा नंबर पुकारला की म्या जातो. तितं त्वांड कोन बगतंय? सदरा काडला की समदे सारकेच."

आणि तसंच झालं. रांग लांब होती, इस्पितळ दुसऱ्या पलटणीचं, ओळखीचं कुणी नाही. माझा नंबर पुकारला आणि बबन पुढं गेला, फोटोच्या पाटीला छाती लावून उभा राहिला, श्वास रोखला, सोडला, परत आला. नंतर डॉक्टरसाहेबांसमोर मात्र मी गेलो. ढास लागू नये म्हणून दाढेखाली लवंग धरली होती.

"कोई तकलीफ?"

"नहीं, साब."

कागदावर शिक्का पडला की गडी ठणठणीत आहे. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी कॅन्टीनला जिलेबी खाल्ली. बबनची अजून काही वर्षं नोकरी बाकी होती. तो म्हणाला, "किसन, ह्ये दोगांतच ऱ्हाऊ दे. भाईर फुटलं तर माजा बिल्ला, पेन्शन, समदं जाईल." मी शब्द दिला.

मला जे माहीत नव्हतं ते आता सांगतो. कारण सांगायचं आहे ते हेच. त्या दिवशी मी खरं बोललो असतो तर पलटणीनं मला बरा होईपर्यंत आपल्या इस्पितळात ठेवलं असतं, पगारावर. रोग नोकरीत लागला असं कागदावर आलं असतं, आणि पुढं जन्मभर त्या रोगाचं औषधपाणी सरकारनं केलं असतं, वर आजारपणाची वेगळी पेन्शन. हे कुणी लपवलेलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. आम्ही लोक चढाईच्या आधी दहा प्रश्न विचारू, पण डॉक्टरला एक विचारणार नाही. डॉक्टरला 'तकलीफ नाही' म्हणणं हीच आमची मर्दानगी.

अनसूयाचं लग्न थाटात झालं. ती सुखात आहे. तेवढी एक गोष्ट त्या खोटेपणातून चांगली निघाली, नाही म्हणू नये.

*

भात झोडणीचे दिवस होते. घरी येऊन सहा महिनेही झाले नव्हते. पेंढी उचलली, ढास लागली, आणि तळहातावर रक्त आलं. मी हात मातीला पुसला. माझी बायको हिरा खळ्याच्या पलीकडे होती, तिनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. म्हणाली, "चला भोरला." आमची सुमन, सव्वा वर्षाची, तिच्या कडेवर होती.

भोरचे डॉक्टर वयस्कर होते. फोटो उजेडाला धरून त्यांनी बराच वेळ पाहिला.

"खोकला किती दिवस आहे?"

"दोन म्हैनं," मी म्हणालो.

"दोन वर्सं," हिरा मागून म्हणाली. सुट्टीवर येऊन मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती मला लपवू देत होती, हे मला तिथं कळलं.

डॉक्टरांनी रोगाचं नाव घेतलं. मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही, कारण मी ते आधीच ओळखून होतो. भीती वाटली ती त्यांच्या पुढच्या वाक्याची. ते सुमनकडे बघून म्हणाले, "ही मुलगी ह्यांच्याबरोबर एका छपराखाली नको. एकतर ह्यांना इस्पितळात खाट मिळवा, नाहीतर हिला कुठंतरी पाठवा. दीड वर्ष तरी." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही फौजी ना? मग काळजी कसली? पुण्याला माजी सैनिकांची कचेरी आहे, त्यांच्याकडं जा. तुमच्यासाठी खाटा असतात."

बाहेर आल्यावर हिराला धीर आला होता. एस.टी. येईपर्यंत तिनं सगळं ठरवूनसुद्धा टाकलं. मी दीड वर्ष पुण्याला, ती आणि सुमन घरी, भावकी शेत बघेल. "जाईल दीड वरीस, हां हां म्हंता," ती म्हणाली. मी मान हलवली.

*

पुण्याच्या कचेरीत एक निवृत्त सुभेदारसाहेब बसायचे. त्यांनी चहा मागवला, माझे कागद पलटणीकडून मागवून घेतले. महिनाभरानं पुन्हा बोलावलं. फाईल उघडून माझ्यापुढं फिरवली.

"किसनराव, घरी जाताना तुमची छाती अगदी स्वच्छ होती. हा फोटोचा रिपोर्ट. तुम्ही स्वतः तक्रार नाही म्हणालात. म्हणजे रोग घरी गेल्यावर लागला. नोकरीत लागलेल्या रोगासाठी जी खाट आणि पेन्शन आहे, ती मला तुम्हाला देता येत नाही."

बबनची ती कवाडासारखी छाती माझ्या नावानं फाईलीत होती.

सुभेदारसाहेब काही कालचे नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि हळू विचारलं, "फोटो काढताना काही गडबड झाली होती का? झाली असेल तर आत्ता सांगा. आत्ता सांगितलंत तर मी काहीतरी करीन."

"न्हाई, सायेब," मी म्हणालो.

घरी येऊन हिराला सगळं सांगितलं, बबनचं पण. ती चुलीपुढं बसली होती. तिनं रागबिग केला नाही. म्हणाली, "मग बबनभावजींना कारड टाका. त्येंनी सांगितलं की झालं."

"त्येची नोकरी जाईल."

"त्येंची नोकरी. आन माजी लेक?"

मी शब्दाच्या गोष्टी सांगितल्या. पलटणीत शब्द कसा असतो, बर्फात बबननं माझ्यासाठी काय काय केलं. तिनं ऐकून घेतलं. तेव्हा मला स्वतःचा थोडा अभिमानसुद्धा वाटला, हे लिहायला लाज वाटते. कारण सगळं खरं तेवढंच नव्हतं. बबनची नोकरी हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं, की खोटा फोटो दिला हे उघड झालं तर माझी स्वतःची पंधरा वर्षांची पेन्शन बंद करतील, अशी मला धास्ती होती. तसा नियम आहे का, हे मी कुणाला विचारलं नाही. भीतीला मी शब्दाचा सदरा घातला होता.

आठ दिवसांनी मार्गासनीहून हिराचा भाऊ लक्ष्मण आला आणि सुमनला घेऊन गेला. ती अजून अंगावर पीत होती. हिरानं तिला वाटेत खायला गूळ-चपाती बांधून दिली, लक्ष्मणला हसून निरोप दिला. नंतर चार-पाच दिवस ती छातीला फडकं घट्ट आवळून कामं करत होती. दूध उतरायचं थांबत नव्हतं. मी माझ्या खोकल्यासह ओसरीवर पडून ते बघत होतो.

*

सुभेदारसाहेबांनी आपणहून चिठ्ठी दिली, म्हणून काही महिन्यांनी सर्वसाधारण लोकांच्या क्षयाच्या इस्पितळात मला तीन महिन्यांची खाट मिळाली. जास्त नाही, कारण बाहेर रांग होती आणि रांगेतली माणसं माझ्यापेक्षा वाईट होती.

तिथले दिवस मला वाईट आठवत नाहीत. पहाटे थुंकीची डबी, मग सुई, मग ती औषधाची पूड. तिची चव सांगत नाही, ज्यांना घ्यायची आहे त्यांची हिंमत जाईल. दुपारी सक्तीची झोप. चार वाजता थर्मामीटर, आणि तेव्हा साऱ्या वॉर्डात परीक्षेच्या निकालासारखी शांतता. शेजारच्या खाटेवर एक टांगेवाला होता, तो रोज संध्याकाळी त्याच्या घोड्याची तब्येत विचारायचा, भेटायला येणाऱ्या कुणालाही. घोडा विकला गेला आहे हे आम्हाला माहीत होतं. मी पण म्हणायचो, "चांगला आहे, चंदी खातो."

ज्यांचा हा रोग नवा आहे त्यांना सांगतो: इस्पितळाला भिऊ नका. तिथं कुणी तुमच्यापासून लांब सरकत नाही. घरी सरकतात. हिरानं माझ्या ताटाला कडेला खिळ्यानं भोक पाडून ठेवलं होतं, ओळखू यावं म्हणून. तिनं बरोबरच केलं होतं. वस्तीवरची माणसं आमच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावायची. गावानं लांब ठेवणं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आपल्याच वस्तीनं ठेवलं तेव्हा कसं लागतं ते मला पहिल्यांदा कळलं. पण भोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर रोज सुई टोचताना विचारायचा, "काय फौजी, आज काय कालवण?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. असली माणसंही भेटतात. त्यांच्यावर दिवस निघतात.

तीन महिन्यांनी मी पुन्हा त्याच छपराखाली आलो, म्हणून सुमन मार्गासनीलाच राहिली.

*

दर दोन महिन्यांनी फोटो काढायला पुण्याला जावं लागायचं. एस.टी. कापूरहोळहून हमरस्त्याला लागली की शिवरे यायचं. गाडी थांबायची. माणसं चढायची, उतरायची. बबनची म्हातारी आई रस्त्याकडेलाच राहायची, तिचं घर गाडीतून दिसायचं. मी एकदाही उतरलो नाही. नुसतं "बबन कुटं हाय?" एवढं विचारलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण म्हातारी विचारील की तू एवढा का वाळलास, मग मी काय सांगणार, असं मनाशी म्हणत मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायचो. कंडक्टर घंटी मारायचा. असं मी कितीदा केलं ते मोजायची हिंमत नाही.

दुसऱ्या वर्षी अंगात जरा ताकद आली आणि मी दुसरी चूक केली. औषधाची पुडी बंद केली. आपण बरे झालो असं वाटायला लागतं तोच ह्या रोगातला सगळ्यात धोक्याचा दिवस. पावसाळा संपता संपता पुन्हा रक्त पडलं, आणि सगळं पहिल्यापासून. इस्पितळात असतो तर नर्सनं माझं नाक दाबून औषध पाजलं असतं. दीड वर्षाची चार वर्षं झाली ती अशी.

हिरा मधून मधून मार्गासनीला जायची. रोग बरोबर जाईल ह्या धास्तीनं पोरीला जवळ घ्यायची नाही, अंगणात लांब बसायची. एकदा परत आली आणि दोन दिवसांनी सांगितलं. लक्ष्मणची पोरं हिराला 'आत्या' म्हणतात. त्यांचं ऐकून सुमन पण तिला 'आत्या' म्हणाली होती.

*

बबन आला तो दिवाळीनंतर. वस्तीचा चढ तो लंगडत चढत होता. मी ओसरीवरून ओळखलं.

"जयभीम, किसन. अरं, काय ह्यो अवतार?"

म्हातारी आई गेली म्हणून तो शिवऱ्याला आला होता, तिथं कुणीतरी माझं सांगितलं. हिरानं त्याला बसायला घोंगडी टाकली. मी विचारलं, "सुट्टी किती दिस?"

"कसली सुट्टी? मला सुटून चार वर्सं व्हत आली. गुडघा ग्येला, पेन्शन दिली, मोकळा केला. इचलकरंजीला गिरनीत वाचमन हाय म्या."

मी हिशेब केला. सुभेदारसाहेबांनी चष्मा काढून मला विचारलं, त्यानंतर तीन-चार महिन्यांतच बबन नोकरीतून बाहेर पडला होता. ज्याची नोकरी मी चार वर्षं वाचवत होतो, ती नोकरी तेव्हापासून नव्हतीच.

हिरा चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं बबनला सगळं सांगितलं, मला बोलू न देता. कचेरी, फोटो, सुमन. सांगताना आवाज चढवला नाही. बबनचा चेहरा पडत गेला.

"येक कारड, किसन," तो म्हणाला. "येक कारड टाकायचं व्हतंस. नोकरीत असतो तरी बोललो असतो म्या. तुज्या पोरीपरास माजा बिल्ला मोटा व्हता व्हय?"

मी त्याला कधी विचारलंच नाही. त्याच्या वतीनं 'नाही' म्हणून टाकलं, आणि ह्याला मी दोस्ती म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी तो मला ओढतच पुण्याला घेऊन गेला. सुभेदारसाहेब अजून तिथंच होते. बबननं छातीवर हात ठेवून सांगितलं, "सायेब, ती छाती माजी." साहेबांनी आम्हा दोघांना मनसोक्त झाडलं. मग बबनचा जबाब लिहून घेतला आणि म्हणाले, "बर्फात तापानं आठवडाभर झोपला होतात, त्याची नोंद मागवतो. आहे ती. पहिल्याच दिवशी बोलला असता तर पहिल्याच दिवशी मागवली असती." माझ्या पेन्शनीचं काय, असं मी भीत भीत विचारलं. तिला कुणी हात लावत नाही, ते म्हणाले.

*

त्या उन्हाळ्यात थुंकी स्वच्छ आली आणि डॉक्टरांनी सुमनला आणायला परवानगी दिली. आम्ही दोघं मार्गासनीला गेलो. सहा वर्षांची होत आली होती. लक्ष्मणच्या बायकोला ती 'आई' म्हणत होती, आणि का म्हणू नये? त्या माउलीनं स्वतःच्या पोरांच्या ताटातलं तिला वाढलं होतं. सुमन आमच्याबरोबर आली, रडली नाही, शहाणी होती. पण वस्तीवर आल्यावर तिनं तीन दिवस धड खाल्लं नाही. चौथ्या दिवशी हिराला विचारलं, "आत्या, मला घरी कवा सोडनार?"

हिरा तिला आपणहून सोडून आली. आता सुमन तिथल्या शाळेत जाते. सुट्टीला आमच्याकडे येते. मला ती काहीच म्हणत नाही, आणि हिराला आत्या म्हणते. मी दर खेपेला तिला जवळ बसवून सांगतो की बाळ, ही तुझी आई. ती मान खाली घालून ऐकते.

सरकारचा कागद परवा आला. लांबलचक पाकीट होतं. मी ओसरीवर बसून हिराला वाचून दाखवला. रोग नोकरीत लागला हे सरकारनं मानलं आहे. आजारपणाची पेन्शन मंजूर. पुढं रोग उलटला तर लष्करी इस्पितळात खाट, औषध, खाणं, सगळं सरकारी खर्चानं. हिरा तांदूळ निवडत होती.

"पुन्ना वाचा," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजी तवाच मिळाली असती खाट."

"व्हय."

तिनं सूप पाखडलं, खडे बाजूला काढले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या सुमी येतीया सुट्टीला. ह्या खेपंला तिला आई म्हन म्हनून सांगू नगा. पोरीला वंगाळ वाटतं."